आठ माणसांची हवा

एसीवाल्याने टेप गुंडाळला, कागदावर आकडेमोड केली आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्या खोलीला एक टन पुरे."

गणिताच्या मास्तरांचं तोंड उतरलं. साडूच्या गॅलरीत दोन टनांचा खोका त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला होता. सासऱ्यांचं कौतुक साडूला, बढती साडूला, आणि आता गारवाही साडूलाच दुप्पट? मास्तरांचा नुसता जळफळाट झाला.

"पुन्हा मांडा," ते म्हणाले. "पश्चिमेचं ऊन धरलंत?"

"खिडकी उत्तरेला आहे तुमची."

"ऊन फिरून येतं. माणसं किती धरलीत?"

"दोन. तुम्ही आणि वहिनी."

"आठ धरा."

स्वयंपाकघरातून बायको डोकावली. "अहो, कोण आठ?"

"येणारे-जाणारे असतात की."

"सहा महिन्यांत मीटर बघणारा तेवढा आलाय."

पोरांचं एक शून्य चुकलं तरी अर्धा गुण कापणाऱ्या मास्तरांनी छतही चार फूट वर चढवलं. गिऱ्हाईकाची हौस, एसीवाल्याचं काय जातंय! उत्तर अडीच टन आलं आणि मास्तरांच्या जिवात जीव आला.

यंत्र बसलं. सव्वीसवर ठेवलं तरी पाच मिनिटांत खोली गारठायची, मग यंत्र थांबायचं, भिंती दमट व्हायच्या, की पुन्हा सुरू. चौथ्या दिवशी मास्तर कानटोपी घालून पेपर वाचत होते. बंद करायची सोय नव्हती, कारण रविवारी साडू बघायला येणार होता आणि तोवर गारव्याची सवय करायची होती.

साडू आला, मेहुणीही आली. दहा मिनिटांत साडूचे हात काखेत गेले.

"किती टनांचं म्हणायचं, साडू?"

कानटोपी उशीखाली लपवलेले मास्तर कुडकुडत म्हणाले, "अडीच. तुमच्यापेक्षा अर्धाच जास्त."

"माझं तर एकाचं आहे."

"खोका दोनाचा आहे. वाचलाय मी."

"तो होय? हिला रजया ठेवायला मोठा खोका हवा होता. दुकानातून मागून आणला."

मास्तरांची दातखीळ बसली, ती थंडीने की कशाने ते त्यांनाच ठाऊक. तेवढ्यात यंत्र पुन्हा घरघरलं. बायको बहिणीजवळ सरकली.

"ताई, रजया अजून खोक्यातच आहेत का गं?"

"आहेत की. किती हव्यात?"

बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"आठ दे," ती म्हणाली. "यांनी आठ माणसं धरली आहेत."