नगरसेविकेच्या निर्णयांना पाय फुटतात

स्वतःविषयी बोलताना भिंगराव नेहमी आवाज खाली आणत. थोर माणसाने स्वतःविषयी हळूच बोलावं, म्हणजे ऐकणाऱ्याला झक मारत जवळ यावं लागतं, असं त्यांचं मत होतं. "आपल्यासारखी नजर शंभर वर्षांत एकालाच मिळते," ते सांगत, "आणि या शंभरातली वाटून झाली आहे." वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावर 'खासगी गुप्तहेर' अशी पाटी लावली आणि खिशात भिंग ठेवलं. गल्लीने आधी नावं ठेवली, मग भिंगराव हे एकच नाव ठेवलं.

मदतनीस म्हणून त्यांना धाकटा साडू आयताच मिळाला होता. तो शिलाई मशीन दुरुस्त करायचा. गिऱ्हाईक नसलं की बायको म्हणे, "जा, अक्काच्या नवऱ्यावर जरा लक्ष ठेवा." गुप्तहेरावर पाळत ठेवायला नेमलेला हा बहुधा एकमेव सहायक.

एका दुपारी वॉर्डाच्या नगरसेविका आल्या. सगळे त्यांना ताई म्हणत.

"नगरपालिकेत काय ठरलं ते मी दर शनिवारी वॉर्डाच्या मोबाईल ग्रुपवर टाकते," त्या म्हणाल्या. "अध्यक्षांची सही झाल्यावरच. गुरुवारी नुसता मजकूर तयार करून ठेवते, कोणाला दाखवत नाही. तरी लोकांना आधीच कळलेलं असतं. पाण्याची वेळ बदलल्याचं टाकलं, तोवर सगळ्यांचे हंडे भरून झालेले. मागचा रस्ता एकेरी झाल्याचं टाकलं, तर गाड्या आधीच तोंड फिरवून उभ्या."

"हं," भिंगराव म्हणाले. या 'हं'साठी ते वेगळे पैसे घेत नसत.

"विरोधी सदस्य म्हणतात, मीच निर्णय फोडते. पुढच्या बैठकीत मला समितीवरून काढायचा ठराव आहे. आणि भाऊ, मी इतकं मन लावून लिहिते, पण वाचतं कोण? मागच्या वेळी फक्त सासऱ्यांचा अंगठा आला. तोही चुकून लागला म्हणाले."

साडूला वाईट वाटलं. भिंगरावांना आनंद झाला, तो त्यांनी खोकल्यात दडवला.

तपास इस्त्रीवाल्यापासून सुरू झाला. बाग लवकर बंद होणार, हे त्याला ताईंनी टाकायच्या आधीच माहीत होतं.

"नेमकं काय कळलं होतं?" भिंगरावांनी भिंगातून त्याचं नाक पाहत विचारलं.

"बाग सात वाजता बंद होईल, स्वल्पविराम, मात्र रविवारी आठ वाजता, पूर्णविराम."

"हे कुठून आलं?"

"वरून आलं."

केशकर्तनालयातही तेच. वरून आलं, पूर्णविराम. भिंगरावांचा चेहरा गंभीर झाला. "धाकट्या, प्रकरण फार वरपर्यंत गेलंय. दोन हस्तक आहेत. स्वल्पविराम मध्येच अडवतो, पूर्णविराम काम संपवतो."

"भाऊ, ती विरामचिन्हं असतील."

"तुला तसंच वाटावं, अशी त्यांची इच्छा आहे."

मग संशय नगरपालिकेच्या कारकुनावर गेला, कारण तो सरळ नजरेने बघत होता. तिथून शिपायावर गेला, कारण तो बघतच नव्हता. त्यानंतर ताईंच्या बैठकीच्या खोलीतल्या कुंडीत कोणीतरी यंत्र पुरल्याची खात्री पटून भिंगरावांनी ती उकरली. एक गांडूळ सापडलं. ते चौकशीसाठी ताब्यात घेतलं आणि ताईंच्या विनंतीवरून सोडून दिलं.

शेवटी सापळा रचला. ताईंनी गुरुवारी एक खोटा निर्णय लिहायचा: प्रत्येक सायकलीला दोन घंट्या सक्तीच्या. भिंगराव ताईंच्या इमारतीच्या जिन्याखाली दबा धरून बसले. तिथे वारा फार, म्हणून कानात कापूस आणि वरून मफलर. साडूला इमारतीमागे, पिठाच्या गिरणीच्या धडधडीत उभं केलं, पाइपवरून कोणी उतरलंच तर धरायला. कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही. दोघे समोरच्या रस्त्यावर आले, तेव्हा सायकलवाल्याच्या दुकानापुढे घंट्यांसाठी रांग लागली होती.

भिंगराव ताईंच्या घरात येऊन बसले आणि त्यांनी मफलर सोडला.

"आत कोणी गेलं नाही, बाहेर कोणी आलं नाही. म्हणजे गुन्हेगार आतच आहे. ताई, तुम्ही झोपेत चालता. आणि बोलताही."

ताईंचे डोळे भरून आले. "म्हणजे विरोधक म्हणतात ते खरंच?"

"भाऊ, आता पुरे," साडू म्हणाला. इतक्या वर्षांत तो त्यांना पहिल्यांदाच असं बोलला होता.

तेवढ्यात अक्का, म्हणजे भिंगरावांच्या पत्नी, पिशवी घेऊन आत आल्या. "ही तुमच्या सायकलीची दुसरी घंटी. शेवटचीच उरली होती."

"तुला कोणी सांगितलं?"

"ताईंनी. आत्ताच नाही का बाल्कनीतून सांगितलं?"

ताई चक्रावल्या. "मी तर फोनला सांगत होते. आपण बोललेलं तो लिहून घेतो. आत रेंज येत नाही, आणि मेल्याला एकदा सांगून कळत नाही. ओरडून सांगावं लागतं."

"आम्हाला वाटलं, हीच तुमची जाहीर करायची पद्धत," अक्का म्हणाल्या. "खुर्च्या टाकून बसतो आम्ही खाली. एकेक वाक्य तीन-तीनदा सांगता, स्वल्पविरामसुद्धा सोडत नाही. इतकं समजावून सांगणारा नगरसेवक कुठे मिळतो?"

"मग ग्रुपवर कोणी वाचत का नाही?"

"ऐकलेलं परत कशाला वाचायचं?"

बैठकीत ताईंनी सगळं स्वतःच सांगून टाकलं. विरोधी सदस्यांनी ठराव लावून धरला असता, पण अध्यक्षांनी सहज खिडकीतून पाहिलं, तर विरोधी सदस्यांच्याच सायकलींना दोन-दोन घंट्या होत्या. तेही ताईंच्या बाल्कनीखालच्या खुर्च्यांवर बसत असावेत. ठराव मागे घेतला गेला. फक्त सहीआधी बाल्कनीत जायचं नाही, एवढी ताकीद मिळाली.

शनिवारी, सही झाल्यावर, ताई फोन तोंडाशी धरून बाल्कनीत आल्या. खाली सगळी गल्ली बसली होती. इस्त्रीवाल्याच्या आईने मान वर केली. "ताई, तो फोन ठेवा की बाजूला. आमच्याशीच बोला."

ताईंनी फोन आत ठेवला. मग कोणीतरी रस्त्यावरच्या दिव्यांचं विचारलं आणि त्या बोलू लागल्या, एकदाच, साध्या आवाजात. तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत सगळं नीट पोचत होतं. ऐकता ऐकता साडू दुकान उघडायचंच विसरला.

पहिल्या रांगेतून भिंगराव त्याच्याकडे झुकले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "पाहिलंस, धाकट्या? गुन्हेगार घटनास्थळी परत येतोच."