दोन पाहुणे आणि फिरवलेल्या पाठी

सेंट वॉलबर्गा विद्यापीठात पदवीदानाला नेहमी एकाच पक्षाचा पाहुणा येतो, अशी ओरड फार दिवसांची होती. ती मिटवायला यंदा अध्यक्ष फादर ॲम्ब्रोज यांनी रिपब्लिकन माजी गव्हर्नरांना बोलावलं. डीनबाईंनी डेमोक्रॅट सिनेटरबाईंना. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही, आणि दोन्ही पाहुणे हो म्हणून बसले.

"बोलू देत दोघेही!" फादर खूश होते. "एवढं समतोल विद्यापीठ अख्ख्या ओहायोत सापडायचं नाही."

समारंभाची व्यवस्था पाहणारा लिओनार्ड मात्र काळजी करतच घरी गेला. घरी त्याची लेक ब्रिजेट, जिला यंदा पदवी मिळायची होती, जमिनीवर बसून फलक रंगवत होती.

"बाबा, गव्हर्नर उठले की आम्ही उभं राहून पाठ फिरवणार."

"आणि सिनेटरबाई उठल्यावर?"

"तेव्हा ती दुसरी टोळी फिरवेल. त्यांचंही ठरलंय."

"अगं, बिशप येणारेत! तू तरी नको. तुझी आई असती तर पहिल्या रांगेत बसली असती. मला त्या दिवशी तुझा चेहरा बघायचाय, पाठ नाही."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, बाबा."

मंचावर कोपऱ्यात त्याची एक खुर्ची असायची. तिथून काही ना काही दिसेल, एवढीच आशा.

पण दोन पाहुणे म्हणजे दोघांचे सचिव, दोघांचे अंगरक्षक. वर बिशपांबरोबर आणखी दोन पाद्री. खुर्च्या संपल्या.

"लिओनार्ड, तुझी देतोस ना?" फादरनी विचारलं.

द्यावीच लागली. मंचासमोर विद्यार्थी, त्यांच्या मागे पालक. लिओनार्ड पालकांच्याही मागे जाऊन उभा राहिला. समोर नुसत्या काळ्या चौकोनी टोप्या. त्यातली ब्रिजेट कोणती, तेही कळेना.

गव्हर्नर उठले. "माझ्या तरुण मित्रांनो—"

अर्धे विद्यार्थी ताडकन उभे राहिले आणि गर्रकन मागे वळले.

मागून एक बाई किंचाळली, "अगं बाई, आमचा डॅनी!"

"रोझी! हसून बघ इकडे!"

पालक खुर्च्यांवर चढले. फोन वर झाले, आज्या रडायला लागल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला. आयुष्यात एवढं स्वागत न झालेले गव्हर्नर गहिवरले आणि त्यांनी भाषण लांबवलं.

तिसऱ्या रांगेत ब्रिजेट उभी होती. निषेधाचा चेहरा, ओठ घट्ट मिटलेले. मागे बाप दोन्ही हात हलवत उड्या मारतोय हे तिला दिसलं. तिने ओठ आणखी घट्ट मिटले. मग तिला हसू फुटलं, अगदी आईसारखं, आणि डोळे पुसायला तिने टोपीच काढली.

"आमची पोरं कधी वळणार?" उरलेले पालक खवळले होते. "भाषण आवरा म्हणावं गव्हर्नरांना! बाईंना उठवा!"

फादर घाम पुसत धावत आले. "लिओनार्ड, वाचलो! सिनेटरबाई म्हणतात, वाद नको, मी बोलतच नाही."

"फादर," लिओनार्ड नाक पुसत म्हणाला, "त्यांच्या पाया पडा हवं तर, पण बोलायला लावा. नाहीतर इथे दंगल होईल."