हिलालनानांचा परवाना

आमचे शेजारी हिलालनाना बसत नाहीत. चहासुद्धा आमच्या ओट्यापाशी उभ्यानेच पितात, आणि दोन घोट उरले असताना घरी पळतात, कारण परवाना बदलायचा असतो.

वाहनाचा नव्हे. तो त्यांच्याकडे कधीच नव्हता. नंदुरबारात मिरची वाळत घालतात त्या पथाऱ्यांसाठी नानांनी निवृत्तीनंतर एक प्रोग्राम लिहिला. पाऊस येणार असला की मोबाइलवर निरोप येतो आणि मजूर ताडपत्री ओढतात. त्याचा कोड त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांसाठी मांडून ठेवला. सुरतेहून एकाने विचारलं, आमच्या पापडवाल्यांसाठी घेऊ का, पण परवाना कुठला? तेव्हापासून नानांची झोप उडाली.

एके दिवशी एमआयटी नावाचा परवाना: घ्या, काहीही करा, फक्त माझं नाव राहू द्या. दुसऱ्या दिवशी जीपीएल: सुधारून पुढे द्याल तर सुधारणाही उघडी ठेवा. तिसऱ्या दिवशी पुन्हा एमआयटी. बड्या वकिलांनी घडवलेली ही कलमं नाना स्वयंपाकघरात नेऊन तपासत. आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. "भांडं लई जा, पन रिकामं लई येऊ नको," हा नानांचा कायदा. म्हणून मन जीपीएलवर. पण "सुरतना मानूस घाबरी जाई," म्हणून पुन्हा एमआयटी. सुरतेचा माणूस तिकडे ताटकळलेला.

शेवटी मीच जीपीएल वाचायला घेतला. निम्मा कळला, पण चेहरा पूर्ण कळल्याचा ठेवला. म्हटलं, नाना, सुधारणा तुमच्याकडे पाठवावी असं यात कुठेच नाही. सुरतवाले ज्यांना प्रोग्राम देतील, त्यांना दाखवली की झालं.

नाना कप हातात धरून रस्त्याकडे बघत राहिले. नानी गेल्यापासून त्यांच्याकडे पथारीवाल्यांचे फोन येतात, माणूस येत नाही.

"मंग आठे कोनीच येवाव नही?"

मी म्हटलं, माणसाला इथे यायला लावणारा परवाना अजून निघालेला नाही.

दुसऱ्या दिवशी एमआयटी कायम झाला. सुरतेला तसं कळवलं. प्रोग्राम कसा चालवायचा हे जिथे लिहितात, तिथे नानांनी तळाशी एक ओळ घातली: "वापरशात तर चहा पेवाले या. मी घरमाच शे." तीच ओळ पुन्हा गुजरातीत. मग स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता, वळणावळणासह, आणि शेवटी सूचना, की कडी वाजवू नका, दार लोटलेलंच असतं.