पाल्य अनुपस्थित आहे

भिंतीवर लिहिलेले वाक्य कालांतराने खरे होते. 'आई शिकली, घर शिकले' हे वाक्य आमच्या तालुक्यात इतक्या भिंतींवर आहे की आयांना प्रत्यक्ष शिकवण्याची आता फारशी निकड उरलेली नाही. तरीही आमच्या केशोरीहून बसने गाठता येईल अशा एका महाविद्यालयाने अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थिनी-मातांसाठी साहाय्य कक्ष उघडला, याचे कौतुक केलेच पाहिजे. माझी आई शामकला ही या कक्षाची पहिली लाभार्थी. मी तिची कमावती मुलगी. पुढे माझी पदोन्नती झाली, ती हकीकत ओघाने येईल.

कक्षाने पहिल्याच वर्षी पाळणाघर काढले. तिथे लाकडी घोडे आहेत, रबरी चेंडू आहेत, भिंतीवर रंगवलेला ससा आहे. मुलांनी खेळणी मोडू नयेत म्हणून दाराला कुलूप आहे. (आजवर एकही खेळणे मोडलेले नाही. कक्षाच्या समितीने याची समाधानाने नोंद घेतली.) तान्ह्या मुलांच्या आया व्हरांड्यात बसतात आणि मुले खिडकीतून ससा पाहतात.

मग वेळेच्या नियोजनावर व्याख्यान झाले. मातांनी पहाटे चारला उठावे, असे आईच्या वर्गाला शिकवणाऱ्या हेमेंद्र सरांनी सांगितले. ज्या तीनला उठत होत्या, त्यांना हा मोठाच दिलासा होता. व्याख्यान ऐन रोवण्याच्या दिवसांत ठेवले होते, म्हणजे गावात धानाची लावणी सुरू असताना. त्यामुळे ज्यांना वेळ नव्हता त्या येऊ शकल्या नाहीत. ज्या आल्या, त्यांना नियोजन येतच होते.

सर्वांत दूरदृष्टीची सोय पालकाची. प्रत्येक विद्यार्थ्याला पालक हवा, हा नियम मुळात अठरा वर्षांच्या पोरांसाठी केलेला. पण नियमाने बाईचे वय विचारणे बरे दिसत नाही. प्रवेशाच्या खिडकीतून लिपिक इंद्रकुमार यांनी विचारले, "बाई, पालक कोन आहे तुमचा?"

"मीच तं आहो ना जी, इची," आईने माझ्याकडे बोट दाखवले.

"तुमी इच्या. तुमचा कोन? नवरा, बाप, भाऊ?"

माझे वडील मनिराम गेले त्याला बरेच पावसाळे झाले होते. आईचे वडील त्याच्याही आधी गेलेले. भाऊ तिला नव्हताच.

"मंग इलेच लिवा," आई म्हणाली. "आतापावतर मी इले पोसली. आता हे पोसन मले."

अशी मी माझ्या आईची पालक झाले. शासकीय भाषेत ती माझी पाल्य.

पालकसभेत मी इतर मातांचे सासरे आणि नवरे यांच्यामध्ये एका बाकावर बसले. हेमेंद्र सर मला म्हणाले, "घरी जरा लक्ष द्या. तुमची पाल्य वर्गात डुलक्या घेते." मी समज देईन म्हणाले. परतताना आईने स्कूटीवर मागून विचारले,

"का म्हनत होते सर?"

"झोपतेस म्हणे वर्गात."

"दिवसभर वाकून रोवना केल्यावर बाकावर टेकलं का झोप येनारच ना वो." मग माझ्या पाठीला कपाळ लावून म्हणाली, "मारशीन का मले? मारू नोको, माय."

आमच्याकडे आया लेकींना लाडाने 'माय' म्हणतात. यात नियमबाह्य काही नव्हते.

शेवटच्या वर्षी हजेरी कमी भरली. हजेरी नाही तर परीक्षा नाही, आणि आईला पदवी हवी होती. दुसरे काही तिने कधी मागितले नाही. कक्षाने उदार तोडगा काढला: माता उरलेली हजेरी वेळेच्या नियोजनाचे व्याख्यान पुन्हा ऐकून भरून काढू शकतील. आईने ते पाठ होईपर्यंत ऐकले. पोटात दुखत होते, ते तिने हजेरी भरेपर्यंत कोणाला सांगितले नाही. (नियोजन म्हणतात ते हेच.) परीक्षेला पात्र असल्याचा संदेश माझ्या फोनवर आला तेव्हा ती गोंदियाच्या दवाखान्यात होती. मी तो तिला वाचून दाखवला. "भरली ना एकदाची?" तिने विचारले. मी हो म्हणाले. परीक्षेआधी ती गेली.

तेराव्यानंतर मी कळवायला गेले. इंद्रकुमार उठून उभे राहिले, पाणी दिले, मग संगणकापाशी बसले. गैरहजेरीची कारणे चार होती: आजारपण, लग्नकार्य, शेतीकाम, इतर.

"नाव कमी करून टाका," मी म्हणाले.

"त्याले विद्यार्थ्याचा स्वतःचा अर्ज लागते, ताई. पालकाची सही चालत नाई." त्यांनी दोन-चारदा कळ दाबून पाहिली. "मी का करू? हा मानूनच नाई राहिला."

"राहू द्या," मी म्हणाले.

त्यामुळे कक्षाच्या वार्षिक अहवालात गळती शून्य आहे. आईने शिक्षण सोडलेले नाही. महाविद्यालय सुरू असते त्या प्रत्येक दिवशी मला संदेश येतो: 'आपली पाल्य शामकला आज अनुपस्थित आहे. कारण कळवावे.' तिच्या नावापुढे 'आहे' लिहिणारे आता दुसरे कोणी उरले नाही, म्हणून मी फोन नंबर बदललेला नाही.

त्याच अहवालात समितीने आईवर एक पान लिहिले. त्यात तिची गरिबी आहे, कष्ट आहेत, मातृत्व तर दोनदा आहे. ती कोणत्या विषयात बी. ए. करत होती, ते नाही. त्यांनी विचारले नाही म्हणून मी सांगितले नाही. आपणही इथवर वाचत आलात आणि ते आपल्या मनात आले नाही. समितीत एक जागा रिकामी आहे. आपण अर्ज करावा. पालक म्हणून सही मी करीन.