व्हिओला आणि खोकला

"माझ्या कानांतून टाचणी पडलेलीसुद्धा सुटत नाही!" असं ताई म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. रेडिओच्या ध्वनिसंग्रहात जुन्या टेपा ऐकून त्यांचा निकाल लावायचं काम तिच्याकडे होतं. कुठली ठेवायची, कुठली मोडीत काढायची, कुठली साफसूफ करून पुन्हा प्रसारित करायची, हे ती ठरवी. टेप लागली की ती डोळे मिटून बसे आणि तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीचा स्क्रू ढिला आहे इथपर्यंत सांगे. ऑफिसात तिच्यासमोर कोणी बिस्किट कुरुमकुरुम खाण्याची हिंमत करत नसे. चहात बुडवून, पार लगदा करूनच खात!

शिस्तही तशीच करडी. संग्रहातला एक सूरसुद्धा बाहेर जाता कामा नये, हा नियम तिनंच काढलेला. कॉम्प्युटरची पेन ड्राइव्ह लावायची जागासुद्धा तिनंच पट्ट्या ठोकून बंद करून घेतली होती. "उद्या घरी न्यायला निघतील लोक!" असं तेव्हा ती म्हणाली होती. हे लक्षात असू द्या, कारण पहिला फटका तिलाच बसायचा होता.

तर एके दिवशी तपासणीला एक जुनी टेप आली. शहरातल्याच वाद्यवृंदानं भरल्या सभागृहात वाजवलेली, विसाव्या शतकातली एक सिंफनी. टेप इतकी जीर्ण की एकदा वाजली की तिच्यावरचा थर कांद्याच्या सालीसारखा सुटणार. इस्त्रीभाऊंनी ती अखेरची वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. इस्त्रीभाऊ म्हणजे तिथले तंत्रज्ञ. त्यांच्या हाताखालून गेलेल्या आवाजाला एकही सुरकुती उरत नसे, म्हणून हे नाव.

ऐकायला तिघं बसली. ताई, इस्त्रीभाऊ आणि जाणकार. जाणकार वर्तमानपत्रात संगीतावर लिहीत. "मला माहीत नाही" हे शब्द त्यांच्या तोंडून आजवर कोणी ऐकले नव्हते. बायकोनं "छत्री कुठे ठेवलीत?" असं विचारलं तरी ते आधी छत्रीचा इतिहास सांगत.

सिंफनी सुरू झाली. पहिली वीसेक मिनिटं भांड्यांचं दुकान जिन्यावरून गडगडत खाली यावं असा कल्लोळ. आणि मग एकदम सगळं थांबतं. फक्त व्हिओला, म्हणजे व्हायोलिनच्या त्या जरा घोगऱ्या थोरल्या बहिणी, एकच सूर धरून राहतात. इतका बारीक की श्वास घ्यायचीही चोरी.

आणि त्या सुरावर कोणीतरी खोकलं.

आधी घशातल्या घशात दाबलेलं "ह्म". मग न राहवून एक दणदणीत खोकला. आणि शेवटी अगदी लहानसा, माफी मागितल्यासारखा.

ताईनं डोळे उघडले. ते बाबा होते.

आता घरचं थोडं सांगायला हवं. ताईची आई त्या वाद्यवृंदात व्हिओला वाजवायची. बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. संगीतातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण आईचा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नाही. त्या संध्याकाळी नऊ वर्षांची ताई त्यांच्या शेजारीच बसली होती. खोकला दाबताना त्यांनी तिचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली.

त्यानंतर आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "उभ्या जन्मात एकदा आम्हा व्हिओलांना एकट्यांना सूर दिला होता कोणीतरी! आणि तुम्ही नेमके त्यातच खोकलात?"

"मी किती वेळ दाबून धरला होता, तुला कल्पना आहे का?"

"मग आधी खोकायचं! ढोल बडवत होते तेव्हा कोणाला कळलं असतं?"

"तेव्हा आला नाही गं."

हा संवाद पुढे घरात वर्षानुवर्षं चालला. पाहुणे आले की चालला, भांडण झालं की चालला, भांडण मिटलं की त्या आनंदातही चालला. आईच्या पर्समध्ये तेव्हापासून खोकल्याच्या गोळ्या आल्या त्या कायमच्या. निवृत्तीनंतर दोघं शेजारी शेजारी बसून कार्यक्रम ऐकू लागली. बाबांच्या घशात नुसती हालचाल झाली की आईचा हात पर्समध्ये जाई आणि मान न वळवता गोळी पुढे येई. "अहो, घ्या."

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. आणि मग कळलं की घरात त्यांचा आवाज कुठेच नाही. सहलींच्या सगळ्या चित्रीकरणात कॅमेरा त्यांच्या हातात, आणि शूटिंग करताना बोलायचं नाही ही त्यांची शिस्त. त्यांनी टिपलेले डोंगर होते, नद्या होत्या, बोटानं "तिकडे नको, इकडे बघा" अशा खुणाही होत्या. आवाज मात्र नव्हता. तो होता फक्त इथे, व्हिओलांच्या सुरावर बसलेला.

"हा खोकला जातो बघा एका मिनिटात," इस्त्रीभाऊ बोटं मोडत म्हणाले. "असा काढतो, की तो माणूस जन्मलाच नव्हता असं वाटेल!"

"नको!" ताई ओरडली.

दोघंही चमकले. ज्या बाईनं एकदा शिंक राहिली म्हणून अख्खी मैफल नापास केली होती, ती म्हणतेय नको!

"नको? का, ताई?"

माझे वडील आहेत, इतकं सांगितलं असतं की झालं असतं. पण ते शब्द ओठांवर आले असते तर त्यांच्यामागून रडू आलं असतं, आणि ऑफिसात रडायचं नाही हाही तिचाच नियम होता. ती म्हणाली, "तो... तो त्यातलाच आहे. संगीतातला."

इस्त्रीभाऊंनी जाणकारांकडे पाहिलं. जाणकारांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अर्थात!" ते म्हणाले. "मी वाटच पाहत होतो, कोणाच्या लक्षात येतंय का ते! एवढ्या संहारानंतर जिवंत उरलेला एकच माणूस. तो बोलू शकत नाही, फक्त खोकतो. विसाव्या शतकाचं सार आहे हो हे!"

इस्त्रीभाऊंनी खोकल्याला मनोभावे नमस्कार केला. ताईनं सुटकेचा श्वास सोडला. तिला वाटलं, प्रकरण मिटलं.

मिटतंय कसलं! त्या रविवारी जाणकारांनी वर्तमानपत्रात अर्धं पान लिहिलं. 'एका खोकल्याची सिंफनी.' मंगळवारी वाद्यवृंदाच्या संचालकांचा फोन आला. योगायोगानं ते लोक हीच सिंफनी पुढच्या महिन्यात वाजवणार होते.

"अहो, माझ्या स्वरलिपीच्या प्रतीत खोकला नाहीये!" संचालक घाबरेघुबरे होऊन म्हणाले.

"तसं आहे खरं तर," ताई म्हणाली. "मी तुम्हाला सांगणारच होते, त्याचं असं झालं की..."

"पण जाणकार म्हणतात, प्रतीत नसतं ते परंपरेत असतं! आता खोकला गाळला तर ते मला छापून सोलून काढतील. सगळी तिकिटं गेलीत हो. लोक खोकला ऐकायला येतायत! तुम्ही एकदा तालमीला या. तो खोकला तुमच्याइतका बारकाईनं कोणी ऐकलेला नाही."

हे मात्र खरं होतं.

जे कोणालाच वाजवायचं नसतं ते तालवाद्यवाल्याच्या गळ्यात पडतं. इथे तर शब्दशः गळ्यातच पडलं होतं! ताई तालमीला पोचली तेव्हा तो भला दांडगा माणूस झांजा आणि ढोलांच्या मधे उभा राहून घसा शेकत होता. सिंफनी त्या जागी आली. व्हिओलांनी सूर धरला. संचालकांनी त्याच्याकडे छडी केली, आणि तो असा खोकला की पुढच्या बासरीवाल्या बाईंचे कागद उडाले!

"सिंह नकोय!" संचालक ओरडले. "माणूस पाहिजे!"

दुसऱ्यांदा तो दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितल्यावर खोकतात तसा खोकला. तिसऱ्यांदा दारात उभा राहून आत येऊ का विचारल्यासारखा. चौथ्यांदा त्याला खरोखरीचा ठसका लागला आणि पाणी आणावं लागलं.

सगळे ताईकडे बघू लागले. ताई उठली. खरं म्हणजे सगळं सांगून टाकायला उठली होती. पण व्हिओला वाजवणाऱ्यांत आई जिथे बसायची त्या खुर्चीकडे तिची नजर गेली आणि ती भलतंच बोलली.

"तुम्ही खोकायला बघताय, म्हणून चुकतंय. खोकायचं नाहीच आहे. दाबायचंय. समोर तुमची बायको वाजवतेय. तिला आयुष्यात पहिल्यांदा एकटीला सूर मिळालाय. शेजारी मुलगी आहे, तिचा हात तुम्ही धरलाय. आता खोकलात तर घरी काय होणार हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. आणि तरी तो येतोय."

तालवाद्यवाल्याचा चेहरा पालटला. "बायको रागावणार आहे होय? मग आधी नाही का सांगायचं!" तो म्हणाला. आणि पुढच्या खेपेला, आधी घशातल्या घशात, मग एक, मग तो माफीचा, असा खोकला की ताईनं नकळत स्वतःची बोटं चोळली.

आता एकच भीती उरली होती. आई. जुन्या वादकांना मानाचं निमंत्रण होतं.

"आई, अगं, नको जाऊस. गर्दी असेल."

"वाद्यवृंदाला गर्दी? मग तर बघायलाच हवी."

"गुडघे दुखतायत ना तुझे?"

"बसायचंच आहे ना तिथे? का उभ्यानं ऐकायचंय?"

आई वर्तमानपत्र वाचत नसे, जाणकारांना तर नाहीच नाही. "तो माणूस सुरापेक्षा स्वतःलाच जास्त ऐकतो," असं तिचं मत होतं. म्हणजे तिला काहीच ठाऊक नव्हतं. ताईनं सांगायचा प्रयत्न केला, साडी नेसताना, टॅक्सीत, दारात. प्रत्येक वेळी शब्द घशाशी आले आणि तिथेच बसले. दाबून धरणं तिनं कोणाकडून घेतलं होतं ते वेगळं सांगायला नको.

सभागृह तुडुंब. ताईच्या उजवीकडे आई, आणि आईच्या पलीकडे एक अनोळखी, टक्कल पडलेले, सभ्य गृहस्थ. समोर मायक्रोफोन टांगलेले, कारण रेडिओ हा कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत होता.

भांड्यांचं दुकान जिन्यावरून आलं. थांबलं. व्हिओलांनी सूर धरला. आईनं डोळे मिटले. तिची डाव्या हाताची बोटं मांडीवर त्या सुराची जागा दाबत होती.

मंचावर मागे तालवाद्यवाला उभा राहिला. ताईनं खुर्चीचे हात धरले.

ह्म.

आईनं डोळे उघडले नाहीत, मानही वळवली नाही. तिचा हात पर्समध्ये गेला. कागद वाजला. त्या शांततेत तो असा चुरचुरला, जणू कोणी सुक्या पाचोळ्यावरून हत्ती नेतंय! खोकला झाला, माफीचा झाला, तरी कागद सुटेना. शेवटी सुटला, आणि आईनं गोळी पलीकडच्या खुर्चीपुढे धरली.

टकलू गृहस्थांनी गोळीकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. माणूस खरोखरच सभ्य. त्यांनी मान लववून गोळी घेतली आणि तोंडात टाकली.

तेव्हा आईनं डोळे उघडले. त्या परक्या माणसाकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग हातातला कागद तिनं नीट घडी करून पर्समध्ये ठेवला.

आठवड्यानं ते ध्वनिमुद्रण तपासणीला आलं. तीच खोली, तीच तिघं. त्या जागी इस्त्रीभाऊ थांबले.

"खोकल्यावर कोणीतरी कागद चुरगळलाय. मस्त खोकला नासवला! हा काढतो. का हाही त्यातलाच?"

"हात लावाल तर खबरदार!" जाणकार खुर्चीतून उठले. "कळत नाही तुम्हाला? एवढी वर्षं तो माणूस एकटा खोकत होता. ते त्याला दिलेलं उत्तर आहे!"

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा जाणकारांचं बरोबर आलं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता!

संग्रहातला सूर बाहेर जाता कामा नये. म्हणून मग ताईनं आईलाच आत आणलं. आधी जुनं लावलं. आई खोकल्यापर्यंत ताठ बसून ऐकत होती. खोकला झाला. ती म्हणाली, "आमचा सूर जरा उतरलाच होता तेव्हा. खोकला बाकी चोख आहे."

मग नवं लावलं. कागद चुरचुरला. आणि त्या चुरचुरीच्या खाली, टाचणी पडल्यासारखं, इस्त्रीभाऊंना नाही, जाणकारांना नाही, फक्त ताईच्या कानांना ऐकू आलं होतं ते आईचं पुटपुटणं पुन्हा आलं. "अहो, घ्या."

आईला ते ऐकू आलं की नाही कोण जाणे. तिनं पर्स मांडीवर ओढून घेतली आणि हताश होऊन मान हलवली.

"किती तो आवाज! गोळी आधीच सोलून ठेवायला हवी होती मी."