पाच रुमाल आणि एक ओटा

रुमाल टाकून धरलेली जागा माझ्या हातून आजवर कधीही गेलेली नाही! लग्नाच्या पंगतीत नाही, पार्ल्याच्या नाट्यगृहात नाही, नातीच्या स्नेहसंमेलनात तर मुळीच नाही. म्हणूनच आमच्या घरची वार्षिक सहल गेली एकतीस वर्षे मीच आखते.

यंदा मात्र सूनबाईंनी बंड पुकारले.

"आई, मुरबाडच्या पुढे आंबेखोर आहे ना, तिथे तळं आहे, टेकडीवरची पायवाट आहे, गळ टाकून मासे पकडता येतात. गावातली माणसंच सगळी सोय करतात, जेवणसुद्धा. फोन करू?" दीप्तीने विचारले.

"गाव तुझं, व्यवस्था माझी!" मी निकाल दिला. "डबे घरचे, जागा मी धरणार. कुणी उपाशी राहिलं किंवा एकाची जरी जागा गेली, तर पुढल्या वर्षापासून सहल तुझी."

"सुबोध, गंधाली, ऐकलंत ना?" दीप्तीने नवऱ्याला आणि लेकीला तिथल्या तिथे साक्षीदार केले. आमचे यजमान, म्हणजे सर्वांचे अण्णा, वर्तमानपत्रामागून नुसतेच खाकरले.

आंबेखोरला पोचताच मी तिघांना टेकडीकडे पिटाळले. "बरोबर साडेबाराला जेवायला हजर राहा!"

तळ्याच्या काठाला खेटून लाकडी फळ्यांचा ओटा होता. वर गवताचे छप्पर, गार वारा, आणि चक्क रिकामा! मुंबईत अशा जागेसाठी माणसे आदल्या दिवशी येऊन बसली असती. शेजारी एक पाटी होती. तिच्या खिळ्याला मी माझी भलीमोठी कापडी पिशवी अडकवली. सतरंजी अंथरली, पाच रुमाल टाकले, प्रत्येकापुढे डबा मांडला. अण्णा लगेच आडवे झाले.

"अगं, हा ओटा डुलतोय."

"गावचं सुतारकाम!" मी म्हटले.

झाडापासून ओट्यापर्यंत एक दोरी ऐन वाटेत ताणलेली होती. गंधाली वादळासारखी धावत येणार आणि पालथी पडणार! मी दोरी झाडापासून सोडली, तिची सुबक गुंडाळी केली आणि ओट्यावर येऊन जरा डोळे मिटले.

उघडले, तर समोरचे आंब्याचे झाड मागे मागे चाललेले!

"अहो, झाड चाललं!"

"झाड नाही गं," अण्णा शांतपणे म्हणाले, "आपण चाललोय."

काठावर होडीवाला धोंडिराम धावत आला. "आज्जी, दोरी कुनी सोडली? पाटी नाय वाचली?"

तेवढ्यात तिघेही टेकडीवरून उतरली. सुबोधने पाटीवरची पिशवी उचलली. गंधालीने सगळ्या तळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाचले, "तरंगता ओटा! दोरी सोडू नये!"

"आई, घाबरू नकोस! उडी मारू नकोस!" सुबोध ओरडला.

"मी काय बेडूक आहे?"

"आजी, डबे!" हा गंधालीचा हंबरडा.

मी दोरीची गुंडाळी सर्व शक्तीनिशी फेकली. ती हातभर अंतरावर डुबकन पाण्यात!

"होडी पलीकडं गेलीय, तासभर लागंल!" धोंडिरामने जाहीर केले. "बसून ऱ्हावा निवांत!"

एकतीस वर्षांची माझी सत्ता त्या तळ्यात तरंगत होती. पोरे काठावर उपाशी, जेवण माझ्यापाशी!

अण्णांनी मात्र डबा उघडला. "बटाट्याची भाजी. वा!"

"अहो, घास तरी कसा उतरतो तुमच्या घशाखाली?"

"छान उतरतोय. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली. प्रत्येक सहलीत तू जागा धरतेस आणि मी सामान. दोघंच असे आज पहिल्यांदा निघालो."

मग मीही डबा उघडला आणि दोन पोळ्या खाल्ल्या. एक खंड्या आमच्या छपरावर बसून सारे पाहत होता. मेल्याला लाज नाही!

तासाने होडीने आम्हाला ओढत आणले. काठावर तिघे ढेकर देत बसली होती. दीप्तीने धोंडिरामची बायको द्रौपदी हिला आदल्या दिवशीच पाच जणांचं भाकरी-पिठलं सांगून ठेवले होते!

"म्हणजे कुणीही उपाशी नाही. मी जिंकले!" मी ठणकावले.

"आणि जागा, आई?" दीप्ती पदरामागे हसली. "आमच्या तिघांच्या जागा तर दुपारभर तळ्यात हिंडत होत्या."

तेव्हा पुढल्या वर्षीची सहल दीप्ती आखणार आहे. शब्द म्हणजे शब्द. मी ढवळाढवळ करणार नाही. "पुन्हा आंबेखोरच ठरवू ना?" असे तिने विचारले, तेव्हाही मी चकार शब्द काढला नाही.

दोन रुमाल तेवढे आतापासूनच इस्त्री करून ठेवले आहेत.