गिझरला ठिबकची टोपी

“मिस्त्री कशाला पायजे? मी हाय ना!” असं म्हणून राजनंदिनीनं पाना असा उचलला, जसा काही तो हातात घेऊनच ती जन्माला आली होती!

टाकीत दाब वाढला की जास्तीचं पाणी बाहेर सोडायला गिझरला एक पितळी व्हॉल्व्ह असतो. तो खराब होऊन गिझरला आठ दिवस धार लागली होती. सेनगावचा मिस्त्री “उद्या येतो” म्हणाला होता, आणि आठ दिवस तो उद्याच येऊन राहिला होता!

पण नववीतल्या पोरीला एवढं वारं कशाचं शिरलं? तर नांदेडला मुलींचं आठ दिवसांचं तंत्रशिबिर होतं. वायरिंग, वेल्डिंग, सगळं शिकवणार! पालकांच्या सहीचं संमतीपत्र आज अकरा वाजेपर्यंत सेनगावच्या शाळेत द्यायचं होतं. आणि तिचे बाबा, भागवतराव, चार दिवस तो कागद खिशात घालून हिंडत होते. विचारलं की म्हणायचे, “बघू.” आता बाबा लोकांचं “बघू” म्हणजे “न्हाई”, हे शेंबडं पोरगंही जाणतं!

शेवटी आज सकाळी तिनं डाव टाकला. “बाबा, हा व्हॉल्व्ह मी एकटीनं बदलला तर सही कराल?”

बाबा मिशीत हसले. “एक थेंब गळाला न्हाई पायजे. मंग करतो.”

झालं! तिनं गिझरचं बटण बंद केलं, वरच्या टाकीचा कॉक फिरवला, जुना व्हॉल्व्ह काढला, नव्याच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली.

“अगं, किती गुंडाळतीस? मोडलेल्या पायाला पट्टी करायलीस का?” आई म्हणाली.

“आई, ह्यातलं तुला कळत न्हाई!”

वीस मिनिटांत काम फत्ते! कॉक उघडला, बटण दाबलं, पाणी तापलं. आईनं दोन बादल्या गरम पाणी धुण्यासाठी नेलंसुद्धा. गिझर पुन्हा तापायला लागला, आणि नव्याकोऱ्या व्हॉल्व्हमधून आवाज आला... टप्! टप्!

राजनंदिनीनं पान्यानं अजून एक पीळ दिला. टप्!

“झालं का गं? गळतंय का?” ओसरीवरून बाबा ओरडले.

“न्हाई बाबा! एक थेंब न्हाई!”

तोंडातून निघून गेलं! आता बोललेलं खोटं खरं करणं भाग होतं. तिची नजर कोपऱ्यातल्या डब्यावर गेली. ठिबकचा डबा! यांच्या शेतात हळदीला ठिबक सिंचन. नळी कुठं टपकली की बाबा डब्यातून रबरी टोपी काढायचे, नळीच्या टोकाला ठासायचे, वरून तार पिळायचे, विषय संपला. जे गळतं त्याचं तोंड बंद करायचं, हेच या घराचं शास्त्र! तिनंही व्हॉल्व्हच्या तोंडाला टोपी ठासली, तार पिळली. थेंब गायब!

बाबांनी वाकून वाकून पाहिलं. “वा गं माझी इंजिनेर! आलो आंघोळ करून, अन् सही करतो.” आत जाऊन त्यांनी कडी लावली. तेव्हा बराबर दहा वाजले होते.

राजनंदिनी नाचतच व्हॉल्व्हचं रिकामं खोकं उचलायला गेली. त्यातून एक कागद पडला. ‘पाणी तापताना थेंब गळणे हे व्हॉल्व्ह नीट चालत असल्याचे लक्षण आहे. त्याचे तोंड कधीही बंद करू नये. टाकी फुटू शकते.’ खाली चित्र होतं. फुटलेला गिझर आणि शेजारी आडवा पडलेला माणूस. त्या माणसाला मिशा होत्या. डिट्टो बाबांसारख्या!

गिझरचं बटण बाथरूमच्या आत, बाबाही आत. खरं सांगावं तर सही जाते, न सांगावं तर बाबा जातात!

“बाबा, लवकर बाहेर या!”

“काहून?”

“पाव्हणे आलेत!”

“बसव त्यायला! आईला च्या ठेवाय सांग!”

अंगणात धुणं धुणाऱ्या आईनं “पाव्हणे” एवढंच ऐकलं आणि कुंपणावरून हाक मारली, “चतुरामावशी, वाटीभर साखर द्या हो! पाव्हणे आलेत!” शेजारच्या चतुराबाई साखर घेऊन स्वतःच हजर! “कोन पाव्हणे? कुठले? मुलगा काय करतो?”

“बाबा, म्हैस सुटली!” राजनंदिनीनं दुसरा बाण सोडला.

“वैजनाथला सांग!”

सांगायची गरजच नव्हती! वैजनाथकाकांनी पलीकडच्या घरातून ऐकलं आणि काठी घेऊन धावत आले. बिचारी म्हैस रवंथ करत बसली होती. काकांचा अवतार बघून ती उठली, दावं तोडून खरंच पळाली आणि थेट रस्त्यात जाऊन उभी राहिली. समोरून येणारी देविदासची सेनगावला सवाऱ्या नेणारी जीप करकचून थांबली. आतले दहाबारा जण खाली उतरले.

“बाबा, जीपसुद्धा आली!”

“थांबव तिला!”

आणि आतून बाबांची गवळण सुरू झाली! बाबा कधी गात नसत. आज असे गात होते, की बाथरूमचा पत्रा थरथरत होता.

“बाबा, गिझरचं बटण तरी बंद करा!”

“र-र-राहू दे! ब-बेस तापलंय पानी! तू बसवलंय ना!”

अरे देवा! वाफेनं बाबांचा आवाज फुटला! आता किती वेळ उरला असेल? पाच मिनिटं? दोन? तिच्या डोळ्यांसमोर त्या चित्रातल्या मिशा नाचायला लागल्या.

“सही गेली खड्ड्यात!” म्हणत तिनं दारावर दोन्ही मुठी आपटल्या. “बाबा, मी खोटं बोलले! व्हॉल्व्ह गळत व्हता! मी त्याला ठिबकची टोपी लावली! गिझर फुटनार हाय!”

गवळण थांबली. कडी वाजली. कमरेला टॉवेल, डोक्यावर फेस, एक डोळा मिटलेला, असे बाबा गोफणीतून सुटलेल्या दगडासारखे बाहेर आले!

“पळा!”

सगळे पळाले! आई हातात सांडशी घेऊन, चतुराबाई साखरेची वाटी छातीशी धरून, मागं देविदास आणि त्याची सगळी जीप! तुराट्यांच्या ढिगामागं सगळे पालथे पडले. कान झाकले. एक मिनिट गेलं. दोन गेली. एक कोंबडी तुरुतुरु बाथरूममध्ये शिरली.

“गेली बिचारी,” चतुराबाई पुटपुटल्या.

कोंबडी बाहेर आली. काही झालं नाही.

तेवढ्यात वैजनाथकाका म्हैस ओढत आले. “इथं काय करून राहिले सगळे?”

सगळ्यांनी एकदम सांगितलं. काकांनी कपाळावर हात मारला. “अरे, मंग मेन बटन पाडायचं ना!”

पंधरा माना राजनंदिनीकडं वळल्या. हीच ती वायरिंग शिकायला निघालेली पोरगी! तिला वाटलं, गिझर आत्ता फुटला तर बरं!

काका ओसरीवरच्या बोर्डाकडं गेले. बटणावर हात ठेवला आणि थांबले.

“आता काय झालं?” आई ढिगामागून ओरडली.

“पाडू काय, कप्पाळ? लाईट हायेच कुठं? दहाचीच गेली!”

आता सगळ्या माना बाबांकडं वळल्या. पौषातल्या वाऱ्यात बाबा जागेवर लटालटा कापत होते.

“म्हणजे, पाणी गार होतं?” आईनं विचारलं.

“दोन तांबे क-कोमट, मंग ब-बर्फ!”

“अहो, मग बोलायचं काहून न्हाई?”

बाबांनी डोळ्यातला साबण पुसला. “पोरीनं पयल्यांदाच बसवलं. म्हनलं, नाराज व्हईल. म्हनून गानं म्हनत व्हतो.”

राजनंदिनीला रडू आलं आणि हसूही. गुपचूप जाऊन तिनं पकडीनं टोपी उपसून काढली. आई बाबांच्या अंगावर घोंगडी टाकत होती. देविदास हॉर्न वाजवून राहिला होता. साडेदहा वाजायला आले होते.

“बाबा...” तिनं खुंटीवरच्या सदऱ्यातून संमतीपत्र काढून पुढं धरलं. आवाज मुंगीएवढा. “सही?”

बाबांनी ओल्या हातानं पेन घेतला, कागदावर वाकडीतिकडी सही ठोकली आणि म्हणाले, “जा. पन पयल्याच दिवशी त्या सरायला इचार, लाईट गेलेली वळखायची कशी!”

जीपमधले सगळे खदाखदा हसले. राजनंदिनीनं मात्र मान खाली घालून शिबिराच्या विषयांची यादी पुन्हा एकदा वाचली. तो विषय त्यात कुठंच नव्हता!